घटस्फोट, काडीमोड आणि फारकत

‘घट’ म्हणजे मडके. मग विवाह मोडण्याला ‘घटस्फोट’ का म्हणतात, आणि ‘काडीमोड’ हा त्याचाच ग्रामीण पर्याय आहे का, असा प्रश्न आला आहे.

घटस्फोट हा मुळात विवाहाचा शब्दच नव्हे. पतित ठरवलेल्या माणसाला जिवंतपणीच मेलेला समजून त्याच्या नावाने पाणी सोडायचे, दासीने भरलेला घट पायाने लवंडायचा आणि नातलगांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचे, असा विधी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितला आहे. ज्या घरांत विवाह अतूटच मानला जाई, तिथे तो मोडण्याला शब्द असण्याचे कारण नव्हते; गरज पडली तेव्हा बहिष्काराचाच शब्द हाताशी आला असावा, असे मला वाटते.

अनेक जातींत मात्र पंचांसमोर गवताची काडी मोडून नवराबायको वेगळी होत, आणि त्या बाईला पुन्हा पाट लावता येई. काडीमोड आणि सोडचिठ्ठी हे त्या व्यवहाराचे रोकडे शब्द आहेत. फारकत तर ‘फारिगखती’वरून, म्हणजे देणेघेणे फिटल्याच्या कागदावरून आली. त्यामुळे काडीमोडाला घटस्फोटाचे गावठी रूप म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कायदाही तसे मानत नाही: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम १३ मध्ये घटस्फोटाची कारणे घालून दिली, पण रूढीने मिळालेला विवाहविच्छेदाचा हक्क कलम २९(२) मध्ये शाबूत ठेवला. कायदा आला आणि मग समाज बदलला, असे आपण सरसकट म्हणतो. इथे बऱ्याच समाजांची रूढी कायद्याच्या पुढे होती, आणि कायद्याने खरा बदल घडवला तो विवाह अतूट मानणाऱ्यांच्या घरात.

पुढे १९७६ मध्ये कलम १३-ब आले आणि परस्परसंमतीने दोघांना मिळून अर्ज करता येऊ लागला. या अर्जात कोणीच दोषी ठरत नाही, म्हणजे घट लवंडण्यामागचा बहिष्काराचा अर्थ इथे उरतच नाही; शब्द तेवढा तोच राहिला. बोलण्यात त्या जुन्या अर्थाची छाया अजून पडते, म्हणून ‘ती घटस्फोटित आहे’ यापेक्षा ‘तिचा घटस्फोट झाला आहे’ असे लिहावे, कारण पहिल्या वाक्यात घटना माणसाची ओळख होऊन बसते.

न्यायालयीन लेखनात ‘घटस्फोट’ किंवा ‘विवाहविच्छेद’ लिहावे; ‘काडीमोड’ जिथे रूढीने, पंचांसमोर झाला असेल तिथेच लिहावा. नवऱ्याने नुसते टाकून दिलेल्या बाईला यांतला एकही शब्द लागू होत नाही, कारण तिचा विवाह कायद्याने अजून कायम असतो. तिच्यासाठी ‘परित्यक्ता’ हा वेगळा शब्द आहे.