संघ मतदारसंघ: पिवळा पीतांबर की आणखी काही?

प्रश्न असा आहे: "सिक्कीम विधानसभेच्या निकालांची यादी चाळत होतो. अगदी शेवटी, 32 व्या क्रमांकावर, मतदारसंघाचं नाव नुसतं 'संघ' असं दिसलं. छपाईची चूक समजायची का? आणि नाव खरंच तसं असेल, तर 'संघ मतदारसंघ' हे 'गाईचं गोमूत्र' किंवा 'पिवळा पीतांबर' यांच्याच पंगतीत बसणार नाही का? शिवाय एक जुनी शंका. गावं, वॉर्ड, हद्दी यांनी बनलेल्या भूभागाला आपण मतदारांचा 'संघ' का म्हणतो? हिंदीवाले सरळ 'निर्वाचन क्षेत्र' म्हणतात, ते जास्त बरोबर नाही का?"

चूक नाही, नाव तेच आहे. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो.

'मतदारसंघ' हा शब्द उसवून पाहिला तर मजेशीर निघतो. 'मत' संस्कृत, 'दार' हा जमीनदार-दुकानदारमधला फारसी प्रत्यय, आणि 'संघ' पुन्हा संस्कृत. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावं असा हा त्रिवेणी संगम, पण रुळला मात्र छान. हिंदीतला 'मतदाता' मत देतो, आपला 'मतदार' ते बाळगतो. (एकदा दिलं की संपलं, की बाळगायचं आणि पाच वर्षांनी पुन्हा काढायचं, हा फरक मला तरी आवडतो.) अशा मत बाळगणाऱ्यांचा समूह तो मतदारसंघ. म्हणजे मुळात हा शब्द माणसांविषयी आहे, जमिनीविषयी नाही.

याला पुरावा काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं राजकारण आठवा. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना काय दिलं? 'विभक्त मतदारसंघ'. 1932 मध्ये येरवड्यात पुणे करार झाला तो कशावरून? अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, यावरून. या वाक्यांतला 'मतदारसंघ' नकाशावर दाखवता येत नाही. एकाच गल्लीत शेजारी राहणारी दोन माणसं दोन वेगळ्या मतदारसंघांत असू शकत होती, वादाचं मूळच ते होतं. हिंदीला इथे 'निर्वाचन क्षेत्र' चालत नाही, 'पृथक निर्वाचक मंडल' असा वेगळा शब्द काढावा लागतो. मराठी दोन्हीकडे एकच शब्द वापरते आणि तिचं कुठे अडत नाही.

आजही अडत नाही. बाजार समितीची निवडणूक पाहिली असेल तर तिथे सोसायटी मतदारसंघ, ग्रामपंचायत मतदारसंघ, व्यापारी-अडते मतदारसंघ, हमाल-मापाडी मतदारसंघ अशी वाटणी असते. 'हमाल-मापाडी निर्वाचन क्षेत्र' म्हणून पाहा, हमालांना एखादा तालुका तोडून दिल्यासारखं वाटेल. विधान परिषदेतले पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघही याच जातीचे, फक्त त्यांना महसुली विभागाची किंवा जिल्ह्यांची चौकट असते.

मग हा शब्द जमिनीला कसा चिकटला? वापराने. विधानसभेसाठी मतदार भूभागानुसार गोळा केले जातात, तेव्हा समूहाचं नाव हळूहळू त्या भूभागाला लागलं. आता आपण "साहेब मतदारसंघात गेलेत" म्हणतो आणि "मतदारसंघात पाऊस चांगला झाला" असंही. पाऊस काही मतदारांच्या यादीवर पडत नाही! इंग्रजी 'कॉन्स्टिट्युअन्सी'चंही असंच झालं आहे, आधी निवडणारी माणसं, मग त्यांचा मुलूख. शेजारच्या भाषा पाहिल्या तर दोन गट पडतात. हिंदी आणि कन्नड 'क्षेत्र' म्हणतात, गुजराती 'मतविस्तार' म्हणते, म्हणजे जागा. तेलुगूत 'नियोजकवर्गम्' आणि तमिळमध्ये 'तोगुदि', म्हणजे समूह. मराठी आणि कोकणी 'मतदारसंघ' म्हणून या दुसऱ्या गटात बसतात. तेव्हा हिंदी जास्त बरोबर का, तर नाही. हिंदीने जागा धरली, आपण माणसं धरली.

आता सिक्कीम. हे राज्य या शब्दासाठी जणू प्रयोगशाळाच आहे. लोकसभेला अख्ख्या राज्याची मिळून एकच जागा, म्हणजे राज्याची सीमा तीच मतदारसंघाची सीमा. आणि विधानसभेत 32 पैकी एक मतदारसंघ असा, की ज्याला सीमाच नाही. तोच हा 'संघ'. तो कुठे आहे, असं विचारण्यात अर्थ नाही. त्यात कोण आहे, असं विचारायचं. उत्तर: सिक्कीममधल्या मान्यताप्राप्त बौद्ध मठांचे भिक्खू आणि भिक्खुणी. पेमायांग्त्से, रुमटेक, ताशिडिंग, एन्चे अशा राज्यभर विखुरलेल्या गोम्पांतले हे मतदार संख्येने तीन-चार हजारांच्या घरात. विधानसभेला ते आपल्या गावच्या उमेदवाराला मत देत नाहीत, संघाच्या उमेदवाराला देतात. तिबेटी बौद्ध धर्माच्या न्यिङ्मा परंपरेतले अनेक लामा संसारी असतात, त्यामुळे एकाच घरात नवऱ्याचा मतदारसंघ एक आणि बायकोचा दुसरा असं घडू शकतं. उमेदवारही बाहेरचा चालत नाही, तो याच मतदारयादीतला असावा लागतो.

तेव्हा 'संघ मतदारसंघ'मधले दोन संघ वेगवेगळे आहेत. दुसरा आपला नेहमीचा, समूह या अर्थाचा. पहिला 'संघं शरणं गच्छामि'मधला, त्रिरत्नांपैकी तिसरं रत्न. पीतांबर पिवळाच असतो, म्हणून 'पिवळा पीतांबर' ही द्विरुक्ती. मतदारसंघ मात्र सगळेच बौद्ध संघाचे नसतात, बत्तीसपैकी एकच आहे. म्हणून ही द्विरुक्ती नव्हे, फार तर अनुप्रास. (मराठीत विशेषणाशिवाय नुसतं 'संघ' म्हटलं की वाचकाच्या मनात तिसरंच काहीतरी येतं, किंवा क्रिकेटचा मोसम असेल तर चौथं. त्याला सिक्कीमचा इलाज नाही.)

दोन्ही अर्थ एकाच मुळातून आलेले आहेत. सम् + हन्. 'हन्' म्हणजे मारणे हे आपल्याला ठाऊक असतं, पण 'सम्' लागला की अर्थ होतो एकत्र दाबणे, घट्ट जुळवणे. 'संघात', 'संहत', 'संहती' ही त्याचीच भावंडं. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलं आहे, 'सङ्घोद्घौ गणप्रशंसयोः', म्हणजे 'गण' या अर्थी 'संघ' हे रूप सिद्ध होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं अकरावं अधिकरण 'संघवृत्त' नावाचं आहे, आणि त्यातले संघ म्हणजे लिच्छवी, वृज्जी, मल्ल यांच्यासारखी गणराज्यं. म्हणजे 'संघ' हा शब्द आधीपासून राजकारणातलाच होता, भिक्खूंच्या समुदायालाही तोच मिळाला.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच धागा पकडला होता. भिक्खूसंघ म्हणजे संसदच होत्या, असं ते म्हणाले. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम संघाला ठाऊक होते आणि तो ते पाळत होता, असं त्यांनी सांगितलं. ही काही सभेपुरती अतिशयोक्ती नव्हती. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, बहुमताने वाद मिटवण्याच्या पद्धतीला 'येभुय्यसिका' असं नाव आहे. मतासाठी 'सलाका', म्हणजे शलाका, छोट्या काड्या वाटत. त्या वाटून गोळा करणाऱ्या भिक्खूला 'सलाकगाहापक' म्हणत, आजच्या भाषेत मतदान अधिकारी. मत घेण्याचे प्रकार तीन: 'गूळ्हक' म्हणजे गुप्त, 'विवटक' म्हणजे उघड, आणि 'सकण्णजप्पक' म्हणजे कानात कुजबुजून. हा तिसरा प्रकार आपल्या निवडणुकांतून हद्दपार झाला आहे असं कायदा म्हणतो. आजारी भिक्खूला सभेला येता आलं नाही तर तो आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवी, तिला 'छन्द' म्हणत. एवढं पाहिल्यावर 'मतदार' आणि 'संघ' यांचा समास कुणाला परका वाटेल?

सिक्कीमची जागा मात्र थेट विनयपिटकातून आलेली नाही. राजेशाहीत मठांचा राज्यकारभाराशी जवळचा संबंध होता. राज्य परिषदेत संघासाठी निवडून द्यायची जागा आली ती चोग्याल (म्हणजे राजे) ताशी नामग्याल यांच्या काळात, 1958 मध्ये. 1974 च्या निवडणुकीत ती टिकली. 16 मे 1975 ला सिक्कीम भारताचं बाविसावं राज्य झालं, तेव्हा सिक्कीमसाठी खास तरतुदी करणाऱ्या, संविधानात नव्याने आलेल्या अनुच्छेद 371 एफच्या आधाराने ती पुढेही राहिली. आज विधानसभेची वाटणी अशी: 12 जागा भुतिया-लेपचा जमातींसाठी, 2 अनुसूचित जातींसाठी, 17 खुल्या, 1 संघाची.

यावर वाद होणारच होता. धर्माच्या आधारावर वेगळी मतदारयादी नको, हे आपल्या संविधानाचं मूळ धोरण, आणि अनुच्छेद 325 तेच सांगतो. या जागेला आव्हान देणारं आर. सी. पौड्याल यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1993 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला आणि जागा वाचली ती तीन विरुद्ध दोन अशी. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं, की संघ ही धार्मिक संस्था खरीच, पण सिक्कीमच्या सामाजिक-राजकीय जीवनात तिचं स्थान ऐतिहासिक आहे, आणि विलीनीकरणाच्या खास परिस्थितीत एवढी सवलत संविधानाच्या चौकटीत बसते. सरन्यायाधीश ललित मोहन शर्मा यांना ते मान्य नव्हतं. मला स्वतःला अल्पमताचा युक्तिवाद जास्त पटतो, पण शब्दांच्या दृष्टीने पाहता बहुमताचे आभार मानावेसे वाटतात. 'विभक्त मतदारसंघ' या इतिहासजमा झालेल्या शब्दाचा एक जिवंत नमुना त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवला.

कायद्याच्या भाषेत एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 25 ए च्या इंग्रजी मसुद्यात मतदारांना 'संघ' याच शब्दाचं अनेकवचन लावलं आहे. 1974 च्या निवडणुकीसाठी मान्यता मिळालेल्या मठांतले 'संघ' मतदार होऊ शकतील, असा त्याचा अर्थ. म्हणजे कायद्याच्या लेखी एकेक भिक्खू म्हणजे एकेक संघ! विनयाप्रमाणे निदान चार भिक्खू जमल्याशिवाय संघ होत नाही. मसुदा लिहिणाऱ्याने समूहाचं नाव व्यक्तीला चिकटवलं, आपण समूहाचं नाव जमिनीला चिकटवलं. दोष कुणाला द्यायचा?

तिबेटीत तर 'संघ' हा शब्दच नाही. तिबेटी भाषांतरकारांनी त्यासाठी 'गेन्दुन' हा आपला शब्द घडवला, अर्थ साधारण 'कुशलाची इच्छा धरणारे'. पहिल्या दलाई लामांच्या गेन्दुन द्रुप या नावात तो दिसतो. आणि तिबेटीत 'सांग्ये' असं काही ऐकलंत तर ते 'संघ'चं रूप समजू नका, तो बुद्धासाठीचा शब्द आहे. गोव्यातल्या सांगे मतदारसंघाचाही त्याच्याशी काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो, कारण मागे एकाने मला तसं विचारलं होतं.

निवडणुकीच्या इतिहासात या जागेने एक छान चमक दाखवली आहे. सिक्कीमला एका पक्षाच्या पदरात सगळं टाकायची खोड आहे. 1989 मध्ये सिक्कीम संग्राम परिषदेने 32 पैकी 32 जागा जिंकल्या, 2009 मध्ये सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटने तेच केलं. 2004 मध्ये मात्र याच फ्रंटचा आकडा 31 वर अडला. उरलेली एकुलती एक जागा काँग्रेसकडे गेली, आणि ती होती संघाची. 2014 पासून ही जागा सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाच्या सोनम लामांकडे आहे. 2024 मध्ये मोर्चाने 31 जागा घेतल्या तेव्हा निसटलेली एक जागा श्यारीची होती, संघाची नव्हे.

आता लिहायचं कसं? इंग्रजी स्पेलिंग पाहून 'संघा' किंवा 'सांघा' लिहू नका. 'योगा' आणि 'बुद्धा' यांनी आधीच पुरेसा ताप दिला आहे. 'लामा मतदारसंघ' हेही बरोबर नाही, यादीत भिक्खुणी आहेत आणि 'लामा'चा मूळ अर्थ गुरू, तो प्रत्येक भिक्खूला लागू होत नाही. यादीत नुसतं 'संघ' ठीक आहे. बातमीत पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'भिक्खूसंघासाठी राखीव असलेला संघ मतदारसंघ' असं लिहावं, पुढे 'संघ मतदारसंघ'. आणि तिथल्या आमदाराबद्दल "साहेब मतदारसंघात गेलेत" असं लिहायची वेळ आलीच, तर ते कुठल्या गोम्पात गेलेत तेही लिहा.