लिफ्ट बसते : सील किट की नवा पंप?

प्रश्न : ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे, बारा वर्षे झाली. पलटी नांगर उचलून इंजिन बंद केले की पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकतो. तेल तापले की लिफ्ट उचलतेही सावकाश. मेकॅनिक म्हणतो, पंप आणि डिस्ट्रिब्युटर (लिफ्टला तेल सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह) दोन्ही नवे टाका. एवढा खर्च करावा का? (एक वाचक, शिरूर तालुका)

उत्तर : एवढ्यात नको. तुम्ही लिहिलेले बिघाड दोन आहेत आणि बहुधा वेगवेगळे आहेत.

आधी नांगर बसण्याचे पाहू. इंजिन बंद झाले की पंपही थांबतो, त्यामुळे यात पंपाचा दोष नाही. सिलिंडरमध्ये कोंडलेले तेल पिस्टनच्या ओ-रिंगमधून (गोल रबरी सीलमधून), सेफ्टी व्हॉल्व्हमधून किंवा डिस्ट्रिब्युटरमधून सुटते आहे. इंजिन चालू असताना उचललेली लिफ्ट थोड्या थोड्या वेळाने आचके देते का? देत असेल तर तीही याच गळतीची खूण. नांगर वर असताना इंजिन बंद करून तपासणीचे झाकण उघडा आणि बॅटरीच्या उजेडात तेल कुठून ओघळते ते पाहा. आत हात घालायचा नाही, नांगराखाली कोणी थांबायचे नाही.

सिलिंडरच्या तोंडातून ओघळत असेल तर पिस्टन काढा आणि जुनी रिंग फेकण्याआधी नीट बघा. चपटी, कडक झाली असेल तर ती वयाने आणि उष्णतेने गेली. कडेला कुरतडली असेल तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खराब आहे किंवा बॅकअप रिंग (ओ-रिंगला आधार देणारी कडक रिंग) उलट बसली होती. बॅकअप रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूला लागते. उलट बसवली की ओ-रिंग फटीत घुसून कापली जाते. मग बोअरवरून नख फिरवा. नखाला न लागणारे बारीक ओरखडे होनिंगने (बोअर आतून बारीक घासून) जातात आणि सील किटवर (नव्या सील-रिंगांच्या संचावर) काम भागते. नख अडकले तर सिलिंडरच बदला.

ओघळ डिस्ट्रिब्युटरकडून असेल तर आधी त्याच्या ओ-रिंगा बदलून पाहा. स्पूल (डिस्ट्रिब्युटरमधला सरकणारा दांडा) झिजला असेल तर मात्र मेकॅनिकचे ऐका, डिस्ट्रिब्युटर नवा टाका. स्पूल आणि त्याचे बोअर जोडीने घासून बसवलेले असतात; एकटा स्पूल बदलून गळती थांबत नाही. पॉलिश पेपर मारून चिकटणारा स्पूल ‘मोकळा’ करणारे काही महाभाग आहेत, त्यांच्यापासून ट्रॅक्टर लांब ठेवा.

आता सावकाश उचलण्याचे. तेलाची पातळी आणि स्ट्रेनर (तेल गाळणारी जाळी) आधी तपासा. तेलाला फेस येत असेल तर बहुधा सक्शनच्या जोडातून हवा ओढली जाते. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. हे सगळे ठीक असेल तर गेज लावून दाब मोजा, तेल थंड असताना आणि तापल्यावरही. फुल रेसला मॅन्युअलमधला दाब मिळतो, पण कमी रेसला, त्यातही तेल तापल्यावर, पडतो, तर पंप आतून झिजला आहे. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) उडत असताना लिफ्ट काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. पंप खोलल्यावर गिअरने बॉडीला नखात अडकेल अशी चर पाडलेली दिसली तर सील किटचे पैसे वाया जातील, नवा पंप घ्या. नुसते शाफ्टचे ऑइल सील गळत असेल तर तेवढेच बदला. नवा पंप बसवताना तेल आणि फिल्टर बदला, स्ट्रेनर व टाकी धुवून घ्या. जुन्याचा चुरा आत राहिला तर नवाही त्याच वाटेने जातो.

प्रश्न : ट्रॉलीच्या जॅकचे सील वरचेवर जाते. रॉडवर गंजाचे खड्डे आहेत. (दौंड)

उत्तर : रॉड तसाच ठेवून सील बदलत राहाल तर खड्ड्यांच्या कडा प्रत्येक नवे सील कापतील. रॉड सरळ असेल तर ग्राइंडिंग करून हार्ड क्रोम (क्रोमचा कडक थर) करून घ्या. भोसरी एमआयडीसी परिसरात ही कामे होतात. वाकलेल्या रॉडवर खर्च करू नका. क्रोम, सील आणि मजुरी मिळून नव्या जॅकच्या निम्म्यावर जात असेल तर नवाच परवडतो. जॅक काढण्याआधी ट्रॉली पूर्ण खाली बसवा. वर अडकलीच असेल तर बॉडीला लोखंडी टेकू दिल्याशिवाय नळीच्या नटाला पाना लावू नका.