जळलेल्या डोंगरावर गवत जोमाने का येतं?

प्रश्न : आमच्या गावचा डोंगर दरवर्षी होळीच्या आगेमागे जळतो. पावसात मात्र जळलेल्या भागातच गवत जास्त हिरवं दिसतं. वडील म्हणतात, "हा डोंगराचा राब!" वणव्याने जमिनीला खरंच खत मिळतं का?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : तुमच्या वडिलांची नजर पक्की आहे. माझेही वडील राब भाजायचे, म्हणजे भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा जाळायचे, आणि मी पुढे नोकरीभर मातीचे नमुने तपासले, तेव्हा हा वाद आमच्या ओटीवरही पुष्कळ झाला.

हिरवेपणा खरा आहे. जमिनीतलं बहुतेक नत्र (नायट्रोजन) कुजक्या पाल्यात आणि सूक्ष्मजीवांच्या अंगात अडकलेलं असतं. आच लागली की त्यातलं थोडं अमोनियम होऊन सुटतं आणि ओल मिळाल्यावर त्याचं नायट्रेट होतं. गवताला हे ताट वाढलेलंच मिळतं. राखेतून पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस) येतं. शिवाय आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून बसतं. राखेने सामू (पीएच) वाढला, म्हणजे आंबटपणा कमी झाला, की ती पकड काही दिवस सैल पडते.

पण हे सगळं आलं कुठून? पातेऱ्यातूनच, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांतूनच. त्यातलं नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसपासून उडायला लागतं आणि ५०० च्या पुढे बहुतेक सगळं धुराबरोबर जातं. स्फुरद आणि पालाश उडायला साडेसातशेच्या वर तापमान लागतं, म्हणून ते राखेत उरतात; पण मृगाची पहिली जोरदार सर उतारावरची राख थेट वहाळात नेते. बियाण्याचं भात कांडून खाल्लं तर त्या दिवशी जेवण उत्तमच होतं!

एका एप्रिलमध्ये जळक्या डोंगरावर मी खुरपं घेऊन गेले होते. गवत जळलं होतं तिथे वर काळा थर, पण दोन बोटं खाली मुळं पांढरी, जिवंत. गवताची आग झरझर पुढे जाते आणि माती उष्णता सहज खाली जाऊ देत नाही. तिथून वीस पावलांवर ऐनाचा एक पडका ओंडका मात्र रात्रभर धुमसला असावा. पांढरी राख फुंकली तर खाली भट्टीतल्या कौलासारखी लालभडक, भुसभुशीत माती. कडेच्या काळ्या मातीवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर थेंब अळूच्या पानावर बसावेत तसे बसून राहिले. पाल्यातले मेणासारखे पदार्थ तापून वाफ होतात आणि मातीच्या कणांवर जमतात, त्यामुळे पाणी मुरत नाही. त्या लाल पट्ट्यात पावसाळ्यातही गवत उगवलं नव्हतं.

आता राबाचं. राब सपाट, बांध घातलेल्या तुकड्यावर भाजतात. राख जागेवरच राहते, तणाचं बी मरतं आणि पाऊस लागताच रोपं राखेतलं खत खाऊन टाकतात. तरी तिथलं कवळ (तोडलेल्या डहाळ्या) आणि पातेरा डोंगरावरूनच आणलेला असतो, म्हणजे राबाचं खत ही डोंगराची उसनवारी. वणव्यात तर डोंगर स्वतःच जळतो, त्याला कवळ कोण आणून देणार?

पुढच्या वेळी राखेचा रंग बघा. काळी असेल तर आग हलकी, पांढरी असेल तर ती जागा खुंटी ठोकून ठेवा आणि श्रावणात वडिलांना घेऊन तिथलं गवत बघून या. काय दिसलं ते मला जरूर कळवा.