आधी त्या मेलचं लेकीला सांगा

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे, नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. शेवटच्या सत्रात दोन महिने तिनं रबराच्या कारखान्यात इंटर्नशिप केली. रोज नखांत काळं घेऊन घरी यायची. आता त्याच कंपनीनं संशोधन विभागात नोकरी देऊ केली आहे. तिनं पीएच.डी. करून विद्यापीठातल्या स्वच्छ प्रयोगशाळेत संशोधन करावं, असं मला वाटतं. एवढं शिकून कारखान्यात काय संशोधन होणार? कंपनीचा मेल आला तेव्हा तिच्या फोनवरून मीच 'पुढच्या शिक्षणाचा विचार आहे, वेळ हवा' असं उत्तर पाठवून मेल काढून टाकला. आठ दिवस झाले, तिला सांगितलेलं नाही. तुम्ही तिला समजावाल का?
— एक आई

उत्तर : ताई, पत्र वाचताना नखांपाशी हसू आलं आणि मेलपाशी ते विरलं. रबर, पीएच.डी. हे सगळं नंतर पाहू. तुमची लेक गेले आठ दिवस मेल उघडून बघत असेल. कंपनीचं काहीच का येत नाही, मुलाखतीत कुठे चुकलं, याची मनाशी उजळणी करत असेल. तुम्ही त्याच घरात असता, तिचा चेहरा रोज बघता. आणि हे पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत.

काळजीपोटी केलंत, मान्य. पण तेवीस वर्षांच्या मुलीच्या नावानं कंपनीला उत्तर द्यायचा अधिकार काळजीतून मिळत नाही. आजच तिला सांगा. सारवासारव करू नका, 'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द तर मुळीच नकोत. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, चिडू द्या. कंपनीशी पुढचं बोलणं तिचं ती करेल. आता तुम्ही परस्पर फोन करून सावरायला गेलात, तर एकाच्या दोन चुका होतील. तिला समजवायचं काम मी घेत नाही. तिच्याकडून समजून घ्यायची गरज तुम्हाला जास्त आहे.

आता कारखान्यातल्या संशोधनाचं. खरं संशोधन विद्यापीठात आणि कारखान्यात नुसतं उत्पादन, ही समजूत रबराच्या बाबतीत तर पार उलटी आहे. रबर गंधकाबरोबर तापवलं की पक्कं होतं हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं, पण त्याला तासन् तास लागत. तो वेळ झपाट्यानं कमी करणारी सेंद्रिय रसायनं १९०६ मध्ये शोधली जॉर्ज ओएनस्लेगर यांनी, आणि ते एका रबर कंपनीतले रसायनतज्ज्ञ होते. आधी ॲनिलीन लागू पडलं. ते विषारी, म्हणून त्याहून कमी घातक थायोकार्बानिलाइड पुढे आलं. आजचा ताजा प्रश्नही असाच आहे. ओझोननं टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याच ओझोनशी संयोग होऊन त्यातून तयार होणारा पदार्थ पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत जातो आणि कोहो सॅमन मासे मारतो, हे २०२० मध्ये उघड झालं. आता पर्याय हवाय : टायर वाचला पाहिजे, मासा वाचला पाहिजे आणि रबर पक्कं होण्याच्या क्रियेत विघ्न येता कामा नये. असलं कोडं कागदावर सुटत नाही.

लेकीची नखं काळी झाली ती बहुधा मिलवर. एकमेकांकडे आत फिरणारे दोन पोलादी रोल, त्यांच्यामधून रबराचा गरम पट्टा, वरून कार्बन ब्लॅक म्हणजे बारीक काजळी, आणि हातात पट्टा कापून दुमडायची सुरी. हिशेबात रबर कायम १०० भाग धरतात. त्यावर काजळी ५० च्या आसपास, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक ॲसिड २, गंधक अडीच, आणि ॲक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर पक्कं करणारं ते रसायन, एखादा भाग. त्या एका भागाचा दीड केला की रबर किती पक्कं होतंय हे मोजणाऱ्या यंत्रावरचा आलेख आधीच वर चढू लागतो. लॅबमध्ये किलोभर माल सुरेख निघतो आणि तोच कारखान्याच्या मोठ्या मिक्सरमध्ये तापून साच्यात जायच्या आधीच पक्का व्हायला लागतो. त्याला 'स्कॉर्च' म्हणतात. फ्लोअरवर उभं न राहिलेला केमिस्ट वहीत छान दिसणारी फॉर्म्युलेशन्स लिहितो, शिव्या मिक्सरवाला खातो. प्लास्टिकमध्येही हेच, फक्त मिलच्या जागी एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं यंत्र.

पीएच.डी.ला माझा विरोध नाही. नवं पॉलिमर किंवा नवा उत्प्रेरक घडवायचा असेल तर ती हवीच. प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या, वयाच्या अटी हे सगळं संकेतस्थळांवर मिळतं, ती पाहील. दोन वर्षं नोकरी करून स्वतःचा प्रश्न घेऊन गेली तर गाइडने हातात दिलेल्या विषयावर पाच वर्षं घालवायची वेळ येणार नाही.

तुमच्या काळजीतली एक गोष्ट मात्र मी उडवून लावणार नाही, फक्त ती नखांत नाही, श्वासात आहे. रबर उत्पादनातल्या कामाची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केली आहे. काही ॲक्सिलरेटरपासून रबर तापताना नायट्रोसमाइन नावाची घातक रसायनं तयार होतात. म्हणूनच हल्ली ते टाळणारी फॉर्म्युलेशन्स बनवणं हेही याच केमिस्टचं काम झालंय. कंपनी बरी की वाईट हे पगारापेक्षा इथे जास्त कळतं : मिलवर धूर ओढून घेणारं हूड आहे का आणि ते चालू असतं का, रोल जागच्या जागी थांबवणारा दांडा रोज तपासतात का, काजळी बंद यंत्रणेतून येते की पोती फाडून ओततात. तुमची लेक तिथे दोन महिने उभी होती, तिला हे सगळं ठाऊक असणार. मेलचं सांगून झालं आणि तिचा राग निवळला, की तिलाच विचारा.