सागवानी कोरीव देव्हारा ऑनलाइन घ्यावा की सुताराकडून करून घ्यावा?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ऑनलाइन दिसलेला शिखराचा, जाळीच्या दारांचा, ‘संपूर्ण सागवानी, हस्तकोरीव’ असं लिहिलेला देव्हारा तुम्हाला आवडलाय. सासूबाईंचं म्हणणं, ओळखीच्या सुताराकडून करून घ्या. आणि गावच्या घरात ऑइलपेंट फासलेला एक जुना देव्हारा पडून आहे, त्याचं काय करायचं ते कोणालाच सुचत नाहीये. मी याच धंद्यातला. देव्हारे, चौरंग, पाट हेच आमच्याकडे होतं, तेव्हा माझं माप सासूबाईंच्या पारड्यात पडणार हे धरूनच वाचा.

लाकूड, कोरीव काम, किंमत हे सगळं नंतर. आधी तुमचे देव मोजा. गिऱ्हाईक येतं ते मोबाइलवर फोटो घेऊन येतं, आणि ‘आत काय काय बसणार?’ असं विचारलं की एकमेकांकडे बघतं. घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. रोज मांडता तसे देव त्यावर मांडा: टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण, शंख त्याच्या अडणीसकट, घंटा. पुढे ताम्हण ठेवा. मग कडेने पेन्सिलीची रेघ मारा. ती रेघ म्हणजे तुमच्या देव्हाऱ्याची आतली लांबी-रुंदी, आणि त्यावर हात फिरायला चार बोटं मोकळी. उंचीची काळजी सहसा नसते. घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून फार तर वीतभर असावी असं मत्स्यपुराणात म्हटलंय, आणि बहुतेक घरांतले देव त्या मापातच असतात. अडचण येते ती पुढून मागपर्यंतच्या खोलीची. तयार देव्हारे भिंतीला सुटसुटीत दिसावेत म्हणून उथळ करतात. दहा इंचांत देवांच्या दोन पायऱ्या आणि पुढे ताम्हण बसत नाही. माझ्या मते आत पंधरा इंच तरी हवेत. आणि फोटोखाली लिहिलेली उंची बहुधा कळसाच्या टोकापर्यंतची असते. दोन फुटी म्हणून घेतलेल्या देव्हाऱ्यात देवांना जेमतेम फूटभर जागा मिळते, बाकी सगळं शिखर.

पूजा बसून करता की उभ्याने, हेही आधीच ठरवा. पाटावर बसून करायची असेल तर देवांची बैठक जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास बरी, म्हणजे गंध लावताना हात अवघडत नाही. उभ्याने करायची असेल तर बैठक छातीच्या जरा खाली. गुडघे दुखतात म्हणून पुढेमागे स्टुलावर बसावं लागणार असेल तर मधली उंची धरा आणि खाली कपाट करून घ्या. दिशेचं तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून फार बोलत नाही. पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला असलं की बहुतेक घरांतलं समाधान होतं. फ्लॅटमध्ये ईशान्य कोपऱ्यात नेमका बीम किंवा बाथरूमची भिंत निघते, तिथे घरातल्या मोठ्यांनी ठरवलेलं मी प्रमाण मानतो.

आता मुद्द्याचं. देव्हाऱ्यासारखं हाल सोसणारं लाकडी सामान घरात दुसरं नाही. रोज पाणी, रोज तेल-तूप, रोज जाळ, वर हळद-कुंकू. लोक महिरपीवरचे मोर बघून देव्हारा निवडतात, आणि तो खराब होतो बैठकीच्या फळीपासून. म्हणून दुकानात गेलात की खाली वाकून बैठकीची फळी चौकटीत कशी बसवलीय ते बघा. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सागही याला अपवाद नाही. पंधरा-सोळा इंच रुंद फळी कोकणात किंवा मुंबईत वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. जाणता सुतार चौकटीच्या आतून खाच काढतो आणि फळी त्यात सैल सरकवतो, कडेने नखभर फट ठेवून. घाईचं काम असेल तर फळी चारी बाजूंनी सरस लावून, वर खिळे मारून जाम केलेली असते. अशी फळी पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध तडकते. मग त्या चिरेत अभिषेकाचं पाणी उतरतं, खालून काळी बुरशी धरते, आणि वरून चकचकीत दिसणारा देव्हारा खालून कुजायला लागतो. दुरुस्तीला येणाऱ्या देव्हाऱ्यांत हेच दुखणं मी सगळ्यात जास्त बघतो. यावर सोपा तोडगा म्हणजे बैठकीवर पितळी पत्रा किंवा ग्रॅनाइटची पातळ लादी, पुढच्या काठाला बारीक ओठ काढलेली. लाकडाची हौस असणाऱ्यांना ते आवडत नाही. न आवडो. रोज ताम्हणात स्नान घालणाऱ्या घरात मी तेच सुचवतो.

लाकडाचं म्हणाल तर साग उत्तमच. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण हे गाभ्याचं झालं. बाहेरचा पांढरट-पिवळट थर, तोही सागच, त्याला भुंगा आनंदाने लागतो. ‘सागवानी’ म्हणून विकताना दोन्ही एकाच भावात जातात, वरून गडद पॉलिश मारलं की कोणाला कळतं! म्हणून ड्रॉवर बाहेर काढून त्याची मागची, पॉलिश न केलेली बाजू बघा. कुठे टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला व्यापारात बल्लारशा साग म्हणतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली लाकूड गेलं ते तिथूनच. आफ्रिकेतून येणारा लागवडीचा साग बहुधा कमी वयाच्या झाडांचा असतो, त्यात पांढरा भाग जास्त निघतो. तो वाईट नाही, फक्त त्याला बल्लारशाचा भाव देऊ नका. शिसम आणि आपली जुनी शिसवी ही वेगवेगळी लाकडं आहेत. शिसम दाखवून शिसवीचे पैसे मागणारे भेटतात. देव्हारा परदेशातल्या मुलांकडे पाठवायचा बेत असेल तर या दोन्हींपासून लांबच राहा. त्यांच्या डाल्बर्जिया वंशातली सगळी झाडं 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, कागदपत्रांत दमछाक होते. कोकणात फणसाच्या आणि शिवणीच्या लाकडाचंही काम चालतं. फणसाचा पिवळा रंग पुढे मधासारखा गडद होतो, मला तो सागापेक्षा देखणा वाटतो.

‘जड आहे म्हणजे अस्सल’ ही समजूत सोडा. कोरडा साग घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतो, आणि लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला एमडीएफ त्याहून थोडा जडच असतो. एमडीएफ ओळखायचा तो फळीच्या टोकाला. खऱ्या लाकडात वरच्या रेषा काठावरून वळून खाली उतरताना दिसतात आणि टोकाला छेद दिसतो. वरून कागद किंवा व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवलेलं असेल तर काठावर एक सरळ पट्टी येते आणि रेषांचा मेळ तुटतो. एमडीएफला पाणी लागलं की तो पावासारखा फुगतो आणि परत बसत नाही, त्यामुळे देव्हाऱ्याला तो नकोच. प्लायवुडचं तसं नाही. पाठीमागची फळी चांगल्या प्लायची असेल तर मी हरकत घेत नाही, उलट ती तडकत नाही. फक्त त्यावर आयएस 710 चा शिक्का बघा, ते पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. आणि विकणाऱ्याने ‘संपूर्ण सागवानी’ म्हणू नये, एवढंच.

हस्तकोरीव आहे का, हे तर्जनीने कळतं. वेलबुट्टीच्या आतल्या कोपऱ्यात नख घाला. संगणकावर चालणाऱ्या राउटरचं, म्हणजे कोरायच्या यंत्राचं, पातं गोल फिरतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात सहसा पात्याच्या जाडीएवढी गोलाई राहते. पटाशीने काढलेला कोपरा नखाला टोकदार लागतो, आणि तळाशी पटाशीचे बारीक चट्टे हाताला जाणवतात. मग डावा मोर आणि उजवा मोर शेजारी धरून बघा. हाताच्या कामात एकाची मान जरा जाड, दुसऱ्याची चोच जरा खाली असतेच. तिसरा प्रकार चिकटवलेल्या नक्षीचा. साच्यातून काढलेल्या फुलपट्ट्या सरसाने डकवायच्या आणि वर पॉलिश. तिथे फुलाच्या कडेने केसाएवढी रेघ दिसते. राउटरच्या कामाला मी नावं ठेवत नाही, आम्हीही जाळ्या त्यावरच कापून घेतो आणि कडा हाताने मारतो. पण मग भाव त्या हिशोबाचा हवा, हस्तकोरीवचा नको.

नक्षी किती आणि कुठे, यावर माझं मत जरा कडक आहे. बाहेर हवी तेवढी, आत सपाट. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि महिरपी बघा. सगळी श्रीमंती रस्त्याकडच्या तोंडावर आहे. देव्हाऱ्याच्या आत मात्र उदबत्तीचा धूर, कापराची काजळी आणि तुपाचा ओशटपणा यांचं मिळून जे चिकट पुट बसतं, ते खोल नक्षीतून दात घासायच्या ब्रशनेही निघत नाही. हे काम शेवटी घरातल्या ज्या बाईच्या गळ्यात पडतं, तिला विचारूनच आतलं काम ठरवा. जाळीच्या दारांचंही तेच. दिसतात सुंदर, धूळ धरतात भयंकर.

पॉलिशमध्ये लाखेचं फ्रेंच पॉलिश डोळ्यांना सगळ्यात गोड, पण त्यावर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो आणि उष्णतेने ते मऊ होतं. बैठकीला आणि दिव्याजवळ पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावून घ्या, बाहेरच्या खांबांना, शिखराला लाखेचं चालेल. हळद तर कशावरही लगेच पुसलेली बरी. घरी अळशीचं तेल लावून बघायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा: त्या तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून मग टाका.

आगीचं गमतीत घेऊ नका. समई देव्हाऱ्याच्या बाहेर, बाजूला, पितळी ताटात. आत फक्त निरांजन, तेही समोर कोणी असेपर्यंत. ज्योतीच्या वर दीड-दोन फूट मोकळं नसेल तर छताला आतून तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा मारून घ्या, पत्रा आणि लाकूड यांच्यात बोटभर फट ठेवून. पत्रा लाकडाला चिकटून बसला तर उष्णता सरळ लाकडात जाते. पडदा, झालर, प्लास्टिकची फुलं आत नकोत. एलईडी लावणार असाल तर वायर जायला मागे भोक आधीच पाडून घ्या, नाहीतर नंतर इलेक्ट्रिशियन येऊन ड्रिलने नक्षीच फोडतो.

भिंतीवर टांगणार असाल तर भिंत कसली ते विचारा. नव्या इमारतींत हलके सिपोरेक्सचे ब्लॉक असतात, त्यात साधा प्लग धरत नाही, वेगळे अँकर लागतात. देवांसकट वजन चाळीस किलोच्या घरात जात असेल तर मी खाली आधार दिल्याशिवाय टांगत नाही.

मग ऑनलाइन की सुतार? ऑनलाइन येणारे बरेच कोरीव देव्हारे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरकडचे असतात. तिथले कारागीर कोरण्यात आमच्यापेक्षा सरस आहेत, हे मान्य करायला मला लाज नाही. पण ते लाकूड तिथल्या हवेत वाळलेलं असतं आणि माप तुमच्या देवांचं नसतं. तुमच्या वर्तमानपत्रावरची रेघ त्या देव्हाऱ्याच्या आतल्या मापात आरामात बसत असेल, परत पाठवायची सोय असेल, आणि विक्रेता बैठकीचा खालून काढलेला फोटो द्यायला तयार असेल, तर घ्या. नसेल तर सुतार. सुताराला लाकडाचा भाव घनफुटाने आणि कोरण्याची मजुरी वेगळी लिहून द्यायला सांगा, स्क्रू आणि बिजागऱ्या पितळी सांगा, शिखर सुटं सांगा म्हणजे लिफ्टमधून जाईल. आणि लाकूड कापायच्या आधी एकदा जाऊन बघून या, पॉलिश झाल्यावर बघण्यात अर्थ नसतो.

राहिला गावचा देव्हारा. रंगाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय नव्याची ऑर्डर देऊ नका. तळाला, न दिसणाऱ्या जागी, रंग काढायचं जेल लावून दोन बोटांएवढा चौकोन खरवडा. खाली सोनेरी-तपकिरी गाभ्याचा साग किंवा काळपट शिसवी निघाली तर तसं लाकूड आज बाजारात शोधून सापडणार नाही. कॉस्टिक सोड्याने धुवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच, ऐकू नका. त्याने साग काळा पडतो आणि सांधे सुटतात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर घासू नका, आणि घरात लहान मूल असेल तर काम बाहेरच करून घ्या. त्या चौकोनाचा दिवसाच्या उजेडातला एक फोटो आणि ड्रॉवरच्या मागच्या बाजूचा एक, असे दोन इथे टाकलेत तर लाकूड कोणतं ते सांगतो.