माळकरी बाईच्या घरात टर्की

प्रश्न : ताई, नमस्कार. बँकेतून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. लेक, जावई आणि दोन नातवंडं न्यू जर्सीहून नाताळाला येताहेत. थोरल्या नातवानं फोनवर फर्मान सोडलंय, "आजोबा, २५ तारखेला टर्की पाहिजे. सबंध, चित्रातल्यासारखी." जावई २२ तारखेला गोव्यात उतरून चोर्ल्याच्या घाटानं येणार आणि थर्मोकोलच्या पेटीत चार किलोची गोठवलेली टर्की आणणार. अडचण अशी, की आमची ही माळकरी. तिनं स्वच्छ सांगितलंय, "स्वयंपाकघरात नाही, माझ्या फ्रिजमध्ये तर नाहीच. पडवीत काय ते करा." लेकीनं घेऊन दिलेला चाळीस लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, खोक्यातच पडून आहे. मी आजवर चहा आणि मॅगी यापलीकडे गेलेलो नाही. मसाला किती घालू, दह्यात किती वेळ मुरवू, किती वेळ भाजू? आणि मध्येच करंट गेला तर?
— एक आजोबा, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : भाऊ, वहिनींचं बरोबर आहे. त्यांच्या फ्रिजचा विषय तिथंच संपवा आणि मांसमच्छी चालणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडे फ्रिजचा खालचा कप्पा तीन दिवसांसाठी मागून घ्या. बदल्यात तंगडी कबूल करा.

पेटीतून पक्षी बाहेर काढलात की पहिलं काम, बर्फासकट तो ओटीजीच्या ट्रेवर ठेवून आत सरकवून बघा. वरच्या कॉइलपासून चार बोटं जागा राहिली पाहिजे आणि दार नीट लागलं पाहिजे. हे २५ तारखेला दुपारी कळून उपयोग नाही. मावत नसेल तर ओळखीच्या बेकरीवाल्याकडे आत्ताच शब्द टाका. दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे भट्टीवर पाठवतो ना, तसंच. मी कॅम्पात वाढले. शेजारच्या आँटी नाताळाला असाच मोठा ट्रे कापडानं झाकून भट्टीवर पाठवायच्या, आणि तो परत येताना गल्लीतली सगळी पोरं मागून चालायची.

आता गोठलेला पक्षी सुटणं. फ्रिजमध्ये दोन किलोला साधारण एक दिवस धरा, म्हणजे तुमच्या टर्कीला २२ च्या संध्याकाळपासून २४ च्या संध्याकाळपर्यंत. खाली खोल परात ठेवा, शेजाऱ्यांच्या भाजीवर पाणी गळायला नको. उशीर झालाच तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदला. चार किलोला साडेचार-पाच तास लागतील. मात्र "डिसेंबर आहे, राहील रात्रभर पडवीत" असं करू नका. बेळगावची थंडी कानटोपीपुरती. फ्रिज चार अंशांच्या आसपास असतो, आपली पडवी तितकी गार कधीच होत नाही.

माझी पहिली टर्की इथंच फसली होती. वरून सोनेरी, देखणी, पावणे टाळ्या वाजवायच्या बेतात. सुरी मांडीच्या सांध्याशी गेली आणि आतून गुलाबी, गारढोण पाणी आलं. आत बर्फाचा गोळा तसाच होता. त्याच्या पोटात एक कागदी पुडीही निघाली, काळीज-पेट्याची, अर्धवट शिजलेली. ती पुडी आत असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते, पोटाच्या पोकळीत हात घाला, मानेकडूनही घाला, आणि असेल ते काढून घ्या. मान आणि पेटा अळणीला, म्हणजे बिनतिखटाच्या पातळ रश्शाला ठेवा.

दही, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, यातलं काही नको. मला माहीत आहे, हे वाचून तुमचा चेहरा पडला असेल. पण कोंबडीच्या तुकड्यांना दही लागतं तसं एवढ्या जाड छातीला लागत नाही, ते कातडीवरच राहतं. वरून ओला मसाला तीन तास कॉइलखाली बसला की करपून कडू होतो. आतपर्यंत जातं ते मीठ, तेही सावकाश. २४ च्या रात्री पक्षी धुऊ नका, कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात. नुसता टिपून कोरडा करा. मग ३० ते ३५ ग्रॅम मीठ आणि भरडलेली मिरी आतबाहेर चोळा आणि उघडाच परत शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा. कातडी सुकते, म्हणून नंतर कुरकुरीत होते. फक्त पाकिटावर मिठाचं पाणी आधीच टोचलंय असं लिहिलेलं असेल तर मीठ नावापुरतंच.

२५ ला लोणी, ठेचलेला लसूण आणि किसलेली लिंबाची साल एकत्र करा. छातीच्या कातडीखाली बोटं सरकवली की पिशवीसारखी पोकळी होते, त्यात हे लोणी भरा. पोटात अर्धा कांदा आणि ते किसलेलं लिंबू, बास. भात, पाव, सारण काही भरू नका. सारण शिजेपर्यंत छाती लाकूड होते.

ओटीजी दोन हजार वॅटच्या आसपास ओढतो. पडवीतल्या पंख्याच्या पिनेला लावू नका, जाड वायरचा मोठा सॉकेट बघा. १६५ अंशांवर तापवून घ्या, छाती वर करून पक्षी ठेवा, आणि रंग आला की फक्त छातीवर फॉइल पांघरा. पावणेतीन ते तीन तास हा अंदाज. अंदाजच म्हणतेय, कारण ओटीजीवरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं फारसं सख्य नसतं. दोनशे-पाचशे रुपयांना सळईवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो आजच मागवा. सव्वादोन तासांनंतर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ झाले की झालं. छातीही तपासा. रस स्वच्छ आला, पाय हलला, या खुणांवर मी आता विश्वास ठेवत नाही. दर दहा मिनिटांनी दार उघडून तूप-लोणी सोडत बसू नका, तेवढ्यानं उष्णताच जाते. शेवटच्या तासात मात्र एकदा उघडून ट्रेमध्ये रताळ्यांचे जाड तुकडे टाका. बेळगावात राहून रताळी विसरायची म्हणजे कमाल. खाली गळलेल्या लोण्यात भाजलेली रताळी टर्कीआधी संपतात. वहिनींसाठी मात्र वेगळी, चुलीत भाजा.

करंट गेला तर दार उघडू नका, वीस-पंचवीस मिनिटं निभतात. त्याहून लांबलं तर सबंधपणाचा हट्ट सोडा. तुकडे करा, जाड बुडाच्या पातेल्यात थोडं पाणी घालून पडवीतल्या शेगडीवर झाकून शिजवा, आकडा तोच, ७४. माझी पहिली टर्की अशीच पानात पोचली.

बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका. लगेच कापली तर सगळा रस पाटावर. हा अर्धा तास नातवाला गोष्ट सांगायला वापरा. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. १६१२ साली मुकर्रब खान हा मुघल सरदार गोव्याहून जहांगीर बादशहासाठी चमत्कारिक प्राणी घेऊन गेला, त्यात एक टर्की होती. तिचं डोकं-मान सरड्यासारखी रंग बदलते, असं बादशहानं लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. गोव्याहून टर्की आणणारे तुमचे जावई काही पहिले नव्हेत.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये (पुन्हा शेजारी!) आणि तीन-चार दिवसांत संपवा. सांगाड्याची अळणी काढा. त्या कांदा-लसूण मसाल्याची पाळी आता. संकेश्वरी मिरचीचा तांबडा रस्सा करा आणि जावयांना विचारा, टर्की बरी की रस्सा.

प्रश्न : माझ्याकडे ओव्हन नाही आणि टर्की परवडतही नाही. नाताळाला एक कोंबडीच सबंध भाजायची आहे. कुकरमध्ये होईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : होईल, पण कुकरची शिट्टी आणि रबर काढून. पूर्वी आपण वाळूवर केक करायचो तसं. जुन्या कुकरच्या तळाला दोन बोटं मीठ किंवा वाळू, वर तिवई, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. पाण्याचा थेंबही घालू नका. सव्वा किलोची कोंबडी, मीठ आदल्या रात्री चोळलेलं, खोल ताटलीत ठेवून तिवईवर. तासाभरानं मांडीत थर्मामीटर घाला, इथंही ७४. रंग फिका येईल. तो हवा असेल तर शेवटी लोखंडी तव्यावर थोड्या लोण्यात चारी बाजूंनी फिरवा. हे करायला चिमटे दोन लागतात. माझा एक हात एकदा भाजलाय.