कासची फुलं आणि हरवलेल्या लिंका

प्रश्न : कास पठारावरच्या फुलांची नावं शोधताना पन्नासेक लिंका साठल्या, पण हवी तेव्हा एकही सापडत नाही. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : लिंका मराठी नावाने साठवल्यात ना? घोळ तिथेच आहे. 'कवला' म्हणजे शास्त्रीय भाषेत स्मिथिया, पण त्याच्या अनेक जाती आहेत, आणि गावागणिक नावही बदलतं. गूगल शीटमध्ये दर जातीला एकच ओळ द्या : शास्त्रीय नाव (इंग्रजी अक्षरांत, नाहीतर शोध लागत नाही), जुनी नावं, मराठी नाव, तारीख, लिंक. जुन्या नावांचा रकाना गाळू नका. वर्गीकरण बदललं की तेच फूल दुसऱ्या नावाने सापडतं. सध्याचं मान्य नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर मिळेल.

ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट हे ॲप बरं. फुलाचा समोरून, बाजूने, पानाचा आणि अख्ख्या झाडाचा असे चार फोटो टाका. नुसत्या पाकळ्यांवरून ॲप चुकतं. त्याची पहिली सूचना म्हणजे अंदाज; जाणकारांनी दुजोरा देईपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. आणखी एक : धोक्यातल्या जातींची जागा तिथे मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतात. तेव्हा कासचं ऑर्किड नकाशात भलतीकडे दिसलं तर नोंद चुकीची समजू नका.

महत्त्वाचं पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) लगेच जतन करा आणि ती लिंकही त्याच ओळीत टाका. हौशी मंडळींच्या साइट बंद पडायला वेळ लागत नाही.